साके चाखताना: तांदळाचा टक्का, पाणी आणि तापमान

कोबेकर

नमस्कार मंडळी.

भारतातून पाहुणे आले आणि त्यांना घेऊन दारूच्या दुकानात गेलं, की साकेच्या कपाटासमोर एकच प्रश्न येतो: "यातली सगळ्यात चांगली कुठली?" उत्तर म्हणून बहुतेक वेळा सर्वांत जास्त घासलेल्या तांदळाची, म्हणजे महागातली बाटली हातात पडते. पाहुणे ती थंडगार करून पितात, त्यांना आवडते, आणि साके म्हणजे एवढंच अशी समजूत घेऊन ते परत जातात. मला याची हळहळ वाटते, कारण या पेयाचा फार मोठा भाग त्यांनी चाखलेलाच नसतो. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं आहे की एकेकटी बाटली पिऊन साके कळत नाही. दोन पेले शेजारी ठेवावेत आणि त्या दोघांत शक्यतो एकच गोष्ट वेगळी असावी.

आधी पाया. साकेत तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट. तांदळात पिष्ट असतं, साखर नसते. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती पिष्टाची साखर करते. त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं बरोबरीने चालतात, म्हणून ऊर्ध्वपातन न करताही साके २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. बाटलीत भरताना पाणी घालून ती साधारण १५-१६ टक्क्यांवर आणतात. पाणी न घातलेली ती गेन्शु.

आता लेबलवरचा टक्का, सेइमाइबुआइ. तो घासून उरलेल्या दाण्याचा असतो. ६० किंवा कमी असेल तर गिन्जो, ५० किंवा कमी असेल तर दाइगिन्जो, आणि होन्जोझोला ७० ची मर्यादा. नावात 'जुन्माइ' असेल तर वरून अल्कोहोल घातलेलं नाही. साध्या जुन्माइला पूर्वी ७० टक्क्यांची अट होती, ती २००४ पासून नाही. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. ते घालवले की चव स्वच्छ होते आणि फळांचा वास खुलतो. पण प्रथिनांतून येणारी अमिनो आम्लं, म्हणजे उमामी, तीही त्याबरोबर कमी होते. टक्का खाली जातो तशी शैली बदलते. ती शैली तुम्हाला हवी आहे का, हे तुम्हीच चाखून ठरवायचं.

पहिली जोडी: घासणी. यामागुचीच्या 'दास्साइ'चं यासाठी मला कौतुक आहे. त्यांचं सगळं उत्पादन जुन्माइ दाइगिन्जो आणि तांदूळ एकच, यामादा निशिकी. ४५ आणि २३ शेजारी ठेवा. २३ जास्त नितळ आणि तलम लागते, यात वाद नाही. तरीही जेवणाबरोबर मी ४५ निवडतो, कारण तिला थोडा दाणा आहे, पकड आहे.

दुसरी जोडी: पाणी. हा माझ्या दारातला विषय, म्हणून जरा विस्ताराने. कोबे आणि निशिनोमियाच्या किनाऱ्याला लागून नादा या साके बनवणाऱ्या पट्ट्याचे पाच भाग आहेत: निशि-गो, मिकागे-गो, उओझाकि-गो, निशिनोमिया-गो आणि इमाझु-गो. साकुरामासामुने घराण्यातल्या यामामुरा ताझाएमोनच्या दोन गावी दारूभट्ट्या होत्या, एक उओझाकीला आणि एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दरवर्षी सरस ठरायची. त्याने दोन्हीकडे तांदूळ सारखा करून पाहिला, कारागीर बदलून पाहिले, फरक काही जाईना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला वाहून नेलं आणि तिथली साकेही तशीच उतरली. साल १८४० असं सांगितलं जातं. तेच पाणी आज मियामिझु म्हणून ओळखतात. त्यात कॅल्शियम, पोटॅशियम, फॉस्फेट भरपूर आणि लोह अत्यल्प. यीस्टला खाद्य मिळतं, आंबणं जोमाने होतं, आणि साके ताठ, कोरडी उतरते. मी वर जी पद्धत सांगतोय ती त्या माणसाने एवढ्या वर्षांपूर्वी स्वतःच्या धंद्यात राबवली होती, आणि त्याबद्दल मला त्याचा मनापासून आदर आहे.

याच्या शेजारी क्योतोतल्या फुशिमीची साके ठेवा. तिथलं पाणी नादापेक्षा मृदू, साके गोलाईची, हळुवार. जुने लोक नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणत. ही विशेषणं मला पटत नाहीत, पण दोघींतला फरक खरा आहे.

तिसरी जोडी: बाटली तीच, तापमान वेगळं. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शिकवणारी. जपानीत ५ अंशांपासून ५५ पर्यंत प्रत्येक टप्प्याला नाव आहे. १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान. साधी जुन्माइ घ्या. एक पेला फ्रिजमधला, एक खोलीच्या तापमानाचा, एक ४५ अंशांचा. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि साकेने भरलेली तोक्कुरी, म्हणजे तिची सुरई, दोन-तीन मिनिटं त्यात उभी करायची. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. थंड असताना मुकी वाटलेली साके गरम झाल्यावर तोंडभर पसरते.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून भारीकडे: दाइगिन्जो, मग जुन्माइ, मग किमोतो किंवा यामाहाइ (या खमिराच्या जुन्या पद्धतींच्या साके), आणि जुनी मुरवलेली कोशु असेल तर शेवटी. मध्ये पाणी पीत राहायचं.

तुमच्या आवडत्या जोड्या लिहा.

निशिगंध

कोबेकर, सुंदर धागा. तोक्योत निशि-कासाइला राहते, आमच्याकडे मराठी मंडळींची बैठक जमली की साकेची एखादी बाटली असतेच, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

पण दाइगिन्जोच्या बाजूने दोन शब्द बोलायलाच हवेत. तुम्ही तिला पाहुण्यांची बाटली करून टाकलीत. ५० टक्क्यांपर्यंत घासायचं म्हणजे गिरणी दोन-दोन दिवस सावकाश चालवावी लागते, घाई केली तर दाणा तापून तडकतो. नंतर तो तांदूळ भिजवतात ते सेकंद मोजून, कारण इतका लहान झालेला दाणा क्षणात पाणी ओढतो. आणि मग १० अंशांच्या आसपास महिनाभर आंबवणं. एवढ्या थंडीत यीस्ट जिवंत ठेवून त्याच्याकडून वास काढून घेणं हे कौशल्याचं शिखर आहे. नव्या साकेची राष्ट्रीय स्पर्धा १९११ पासून चालू आहे, आणि आज आपण जिला गिन्जो म्हणतो ती शैली घडण्यात त्या स्पर्धेचा मोठा हात आहे.

माझी जोडी: एकाच कारखान्याची गिन्जो आणि जुन्माइ गिन्जो. टक्का सारखा, फरक फक्त घातलेल्या अल्कोहोलचा.

पर्वतीवरून

वाचतोय. एक शंका. वरून अल्कोहोल घालतात म्हणजे ती भेसळच ना? मग जुन्माइ सोडून बाकीच्या घ्याव्यातच कशाला?

रसायनी

पर्वतीवरून, हा समज जपानातही आहे आणि तो निर्माण व्हायला कारणही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती, तेव्हा अल्कोहोल, साखर आणि आम्लं घालून एका साकेची तिप्पट करत. ती बदनामी अजून पुसली गेलेली नाही.

होन्जोझो आणि गिन्जोचं तसं नाही. तिथे अल्कोहोलला मर्यादा आहे, तांदळाच्या वजनाच्या १० टक्के, आणि ते गाळण्याच्या थोडं आधी घालतात. कारण रासायनिक आहे. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट आणि सफरचंदाचा वास देणारं एथिल कॅप्रोएट ही द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त विरघळतात. अल्कोहोल घातलं नाही तर त्यातला बराच भाग गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यात राहतो. म्हणून निशिगंध यांची जोडी चाखाल तेव्हा अल्कोहोल घातलेल्या पेल्यात वास मोकळा आणि शेवट तुटक, हलका मिळेल. जुन्माइमध्ये वास मागे आणि अंग जास्त.

कोबेकर यांच्या तिसऱ्या जोडीबद्दलही. साकेत लॅक्टिक, सक्सिनिक आणि मॅलिक ही मुख्य आम्लं. पहिली दोन गरम केल्यावर छान लागतात, मॅलिक थंडच चांगलं. शिवाय कोमट तापमानाला जिभेला गोडवा जास्त जाणवतो. कुठली बाटली गरम करायची, याचं बरंचसं उत्तर तिच्या आम्लांत आहे.

कोबेकर

रसायनी, फार नेमकं लिहिलंत. यातूनच चौथी जोडी निघते, ती मी मुद्दाम मागे ठेवली होती: खमिराची.

मुख्य टाकीआधी लहान टाकीत यीस्ट वाढवतात. तिथे नको ते जंतू वाढू नयेत म्हणून लॅक्टिक आम्ल लागतं. आज बहुतेक ठिकाणी ते तयार घालतात, ही सोकुजो पद्धत १९१० ची. किमोतो त्याआधीची. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की हवेतल्या आणि दाण्यावरच्या जंतूंनी आपोआप आंबतं, तसं इथे आम्ल तयार होण्याची वाट बघतात. त्यासाठी तांदूळ लाकडी दांड्यांनी रगडून त्याचा लगदा करत. हे रगडणं गरजेचं नाही हे लक्षात आल्यावर १९०९ मध्ये यामाहाइ आली. किमोतो आणि यामाहाइला सोकुजोच्या साधारण दुप्पट वेळ लागतो.

नादातल्या किकुमासामुनेची किमोतो ४५ अंशांवर आणि शेजारी कुठलीही साधी सोकुजो जुन्माइ त्याच तापमानाला घेऊन बघा. किमोतोचा आंबटपणा खोल असतो आणि गरम झाल्यावर तो कणा होतो.

निशिगंध, तुमचा मुद्दा मान्य. दाइगिन्जोच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार फक्त तिच्यावर थांबण्याबद्दल आहे.

बर्फाळ_एचिगो

निइगाताहून लिहितो. इथे राहून या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

कोबेकर यांनी पाण्याची जोडी नादा आणि फुशिमीपुरती ठेवली. मृदू पाण्याची खरी कहाणी हिरोशिमाची आहे. मृदू पाण्यात यीस्टला पोषण कमी, म्हणून तिथे चांगली साके होणार नाही असं मानत. मिउरा सेन्झाबुरोने कोजी जास्त खोल वाढवून आणि कमी तापमानाला सावकाश आंबवून मार्ग काढला आणि १८९८ मध्ये ती पद्धत छापून सगळ्यांना खुली केली. आजच्या गिन्जोची मुळं तिथे आहेत. तिथल्या साइजो गावात ऑक्टोबरमध्ये साकेचा उत्सव भरतो, जमलं तर जाच.

आमच्या निइगाताचं पाणीही बर्फ वितळून आलेलं, मृदू. तांदूळ प्रामुख्याने गोह्याकुमानगोकु. साके हलकी, कोरडी, पटकन ओसरणारी, इथे तिला तानरेइ काराकुचि म्हणतात. 'हाक्काइसान', 'कुबोता', 'कोशि नो कान्बाइ' ही नावं भारतातही कुठे कुठे दिसतात. पहिल्या घोटाला फारसं काही सापडत नाही म्हणून लोक हिला पातळ ठरवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. हिची परीक्षा चौथ्या-पाचव्या घोटाला, ताटात मासा असताना होते.

तुलनेसाठी एचिगो-युझावा स्टेशनमधलं पोन्शुकान हे मला माहीत असलेलं उत्तम ठिकाण. भिंतभर यंत्रं आणि त्यांत निइगाताच्या कारखान्यांच्या साके. नाणी विकत घ्यायची, एक टाकलं की छोटा पेला भरतो. जोडीला चाखायला तऱ्हेतऱ्हेचं मीठ. मिठाचा कण जिभेवर ठेवून तीच साके पुन्हा घेतली की गोडवा किती लपलेला होता ते कळतं. तोक्योहून शिनकानसेनने सव्वा-दीड तास. रेल्वेनेच जा. इथे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होते.

आणखी एक: लेबलवर निहोन्शुदो नावाचा अधिक-उणे आकडा असतो. अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड असं सांगतात. तो पाण्याच्या तुलनेतली घनता दाखवतो, एवढंच. आम्ल जास्त असेल तर उणे आकड्याची साकेही कोरडी भासते. आकडा वाचा, पण आम्लाच्या आकड्यासोबत.

निशिगंध

निइगाता आला तर फुकुशिमाही यायला हवा. २०११ च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर तिथल्या मालाकडे लोक पाठ फिरवत होते. त्या काळात तिथल्या कारखान्यांनी आपसात माहिती वाटून घेतली, एकमेकांना शिकवलं, आणि वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग ९ वेळा सर्वाधिक सुवर्णपदकं मिळवणारा प्रांत म्हणून नाव काढलं. २०२२ पर्यंतची ही मालिका. फुकुशिमातल्या ऐझुची कुठलीही जुन्माइ घ्या. गोडसर, भरलेली, निइगाताच्या अगदी शेजारी असून वेगळ्या प्रकृतीची. ही माझी दुसरी जोडी.

अन्नपूर्णा_ठाणे

मी स्वतः थोडीच घेते, पण नवरा आणि मुलगा शौकीन, आणि स्वयंपाक माझा. आपल्या जेवणाबरोबर काय जमलं ते लिहिते.

सुकट, सोडे, सुके बोंबील यांच्याबरोबर साके अप्रतिम जाते. लाल वाइनबरोबर सुक्या मासळीचा वास तोंडात वाढतो, साकेबरोबर तसा वाढत नाही. तळलेल्या बोंबलाला थंड होन्जोझो. तिखट रश्शाला मात्र साके नकोच, अल्कोहोलने तिखट आणखी चढतं. घ्यायचीच तर दुधाळ, गोडसर निगोरी घ्यावी, ती तिखटाला जरा थोपवते.

शाकाहारी मंडळींसाठी: भरली वांगी आणि कोमट यामाहाइ. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं आणि त्या साकेचा मातकट आंबटपणा यांची गट्टी जमते. मुगाच्या डाळीची साधी खिचडी, वर तूप, आणि गरम जुन्माइ, हेही फार छान.

रसायनी, लोह आणि माशाचा काही संबंध आहे का?

रसायनी

आहे. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशातल्या स्निग्धांशातून तो वास तयार होतो. साकेत लोह अगदीच कमी, कारण लोहाने रंग आणि चव बिघडते म्हणून बनवणारे आधीपासूनच ते टाळतात. मियामिझुची किंमत त्यासाठीही आहे. उमामीचंही तेच गणित: साकेतलं ग्लुटामेट आणि सुक्या मासळीतलं इनोसिनेट एकत्र आले की दोन्हींची चव वाढते.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. साके गाळताना गढूळपणा खाली बसवायला काही ठिकाणी जिलेटिन वापरतात. सगळीकडे नाही. ज्यांना कटाक्ष आहे त्यांनी कारखान्याकडे चौकशी करावी.

मांडवीकाठ

गोव्याहून. धागा आवडला. आमच्याकडे येणारे पाहुणे साकेला जपानी फेणी म्हणतात, ते दुरुस्त करावंसं वाटतं. फेणी काजूच्या बोंडाच्या आंबवलेल्या रसाचं ऊर्ध्वपातन करून काढतात. जपानात तिचं नातं शोचुशी आणि ओकिनावाच्या आवामोरीशी जोडता येईल, त्या दोन्ही ऊर्ध्वपातित. साम्य आहे ते कायद्यात: काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 'निहोन्शु'ला (साकेचं जपानी नाव) २०१५ मध्ये. जपानचाच तांदूळ आणि जपानातच बनवलेली असेल तरच ते नाव लावता येतं.

माझा प्रश्न: नामा म्हणजे काय? एका मित्राने आणलेली बाटली कपाटात ठेवली आहे.

बर्फाळ_एचिगो

आजच फ्रिजमध्ये ठेवा! साके साधारणपणे दोनदा सौम्य तापवून निर्जंतुक करतात. नामाझाके एकदाही तापवलेली नसते. त्यातली विकरं जिवंत असतात, उबेत ती बिघडते. चांगल्या अवस्थेत तिच्यासारखी रसरशीत साके नाही. वसंतात नामा आणि त्याच साकेची एकदाच तापवून उन्हाळाभर मुरवलेली, शरदात येणारी हियाओरोशि, ही माझी सर्वांत आवडती जोडी. दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणून चाखताना टिपणं ठेवतो.

पर्वतीवरून

सगळ्यांचे आभार, होन्जोझोबद्दलचं मत बदललं. मला पुढच्या महिन्यात एक सहकारी ओसाकाहून दोन बाटल्या आणून देणार आहे. फक्त दोन. कुठल्या सांगू?

कोबेकर

दोन्ही ७२० मिलिलिटरच्या मागवा. एक निइगाताची होन्जोझो किंवा तोकुबेत्सु (म्हणजे खास) होन्जोझो, एक नादाची किमोतो किंवा यामाहाइ जुन्माइ. दोन्ही तापवता येतात, दोन्ही थंडही चालतात, म्हणजे थंड, खोलीच्या तापमानाचा आणि गरम असे दोन बाटल्यांत सहा पेले तुलनेला मिळाले. नामा मागवू नका, प्रवासात तापेल. दाइगिन्जो पुढच्या खेपेला.

ओसाकाहून येणार असेल तर त्याला म्हणावं हानशिन रेल्वेने नादाला एक चक्कर मारावी. हाकुत्सुरु आणि किकुमासामुने या दोघांचीही संग्रहालयं आहेत, चाखायला देतात. १९९५ च्या भूकंपात इथल्या जुन्या लाकडी इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, तरी बरेच बनवणारे इथेच राहिले. ते पाहण्यासारखं आहे.

बाटली उभी ठेवायची, उजेडापासून लांब. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने असं थोडं थोडं चाखा. दाइगिन्जोचा वास लवकर उतरतो, पण किमोतो कधी कधी उघडल्यानंतर काही दिवसांनी जास्त चांगली लागते. पेला पांढरा, आतून तळाशी निळी वर्तुळं असलेला मिळाला तर तो घ्या. पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा कळतो.

पर्वतीवरून

टिपून घेतलं. बाटल्या आल्या की सहाही पेल्यांचं इथेच लिहितो. भरल्या वांग्यांची व्यवस्था आमच्या घरी आहे.

अन्नपूर्णा_ठाणे

वांग्यात गूळ जरा कमी घाला, यामाहाइ असेल तर.